गादीवाफ्यातला दुधी

डिमोना गावात एका जुन्या शिकूनच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. घरामागे थोडी मोकळी जागा आहे. त्या जागेत लाकडी फळ्यांची एक चौकोनी पेटी दिसते. ती सव्वा मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच आहे. पेटीला तळ नाही. आतली माती खालच्या जमिनीला मिळालेली आहे. शेतकीच्या पुस्तकांत अशा उंच वाफ्याला गादीवाफा म्हणतात. आजींच्या नातीने, ती अकरा वर्षांची असताना, त्याला ‘आजीची खाट’ असे नाव ठेवले होते, कारण संध्याकाळी आजी हमखास त्याच्या काठावर बसलेल्या सापडत.

या वाफ्यात २०१६ सालच्या उन्हाळ्यात एक दुधी भोपळा लागला. एकच लागला, आणि तो कोणी खाल्ला नाही. त्याची ही हकिगत आहे.

तिची सुरुवात रेवदंड्याला झाली. आजींच्या माहेरी नारळी-पोफळीच्या वाडीला लागून परस होते. मृगाचा पाऊस पडला की त्यांची आई परसात आळी करी आणि दुधी, पडवळ, दोडकी, काकडी यांच्या बिया टोचून ठेवी. श्रावणात मांडव हिरवागार होई. वेलाला पाणी घालणे म्हणजे काय हे तिकडे कोणाला ठाऊक नव्हते. पाणी आभाळातून येई, आणि जास्तच येई. १९७१ साली आजी आपल्या यजमानांबरोबर इस्राएलला यायला निघाल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. आईने रुमालाच्या गाठीत मूठभर बिया बांधून दिल्या. “तिकडे काय मिळेल, काय नाही, देव जाणे. दुधी तरी असू दे,” एवढेच ती म्हणाली.

पुढे नात जेव्हा मराठीच्या वर्गात भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकून आली, तेव्हा तिने विचारले, “आजी, तू पण भोपळ्यात बसून आलीस?”

आजी म्हणाल्या, “नाही गं. मी विमानात बसून आले. भोपळा माझ्या रुमालात बसून आला.”

डिमोना हे १९५५ साली नेगेवच्या वाळवंटात वसवलेले गाव. आजी आल्या तेव्हा घरांच्या पलीकडे पिवळी माती आणि वारा याशिवाय फारसे काही नव्हते. यजमान कापडाच्या गिरणीत लागले. पाळी संपवून आले की ते घरामागची जमीन खणत. त्यांनी लोखंडी नळ्यांचा मांडव उभा केला आणि पहिल्याच वर्षी त्यावर दुधी चढवला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तो मांडव उन्हाळ्यात रिकामा राहिला नाही. दरवर्षी एक फळ वेलावरच वाळू द्यायचे, बिया काढायच्या, राखेत घोळवून बाटलीत भरायच्या आणि बाटलीवर मराठीत वर्ष लिहायचे, हा त्यांचा नियम होता. अपवाद फक्त शमितेचा. दर सातव्या वर्षी या देशातली जमीन विसावा घेते, त्या वर्षी पेरायचे नाही. बिया बाटलीत थांबत आणि पुढच्या वर्षी रुजत.

शेवटची बाटली २०१० सालची. त्या वर्षी हनुक्काच्या सुमारास यजमान वारले.

नंतर आजींनी पेरले नाही. पहिल्या वर्षी मन झाले नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवर बसले की उठता येईना. मांडवाच्या नळ्या गंजल्या. मग ५७७५ हे शमितेचे वर्ष आले. ते २०१४ सालच्या सप्टेंबरात सुरू होऊन २०१५ सालच्या सप्टेंबरात संपले. तोवर पाच उन्हाळे गेले होते. दुधीचे बी कोरड्या, थंड जागेत चार-पाच वर्षे चांगले टिकते. पुढे दरवर्षी त्यातले कमी कमी रुजते.

त्या हिवाळ्यात मुलाने हा वाफा बांधून दिला. मालाच्या लाकडी चौकटी सुट्या करून त्याने फळ्या काढल्या. ज्यांच्यावर ‘एच. टी.’ अशी खूण होती तेवढ्याच घेतल्या. त्या खुणेचा अर्थ असा की लाकूड औषधात बुडवलेले नाही, नुसते तापवलेले आहे. तळाशी वाळक्या फांद्या, त्यावर गावातली पिवळी माती आणि शेणखत अर्धे अर्धे. वर ठिबकची काळी नळी वळवून घातली. डिमोनापासून दूर नसलेल्या हात्झेरीम किबुत्झमध्ये १९६०च्या दशकात या ठिबकच्या नळ्या बनू लागल्या. पाऊस नसलेल्या उन्हाळ्यात परसातला दुधी जगतो तो त्यांच्याच जिवावर.

“आई, आता वाकायला नको,” मुलगा म्हणाला. “काठावर बस आणि पेर.”

आजींनी कपाटातून औषधाची ती छोटी बाटली काढली. नातीने तिच्यावरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. अक्षरे आजोबांची होती. ती एकेक अक्षर लावत गेली: दु, धी. मराठी आकडे तिला येत नव्हते, ते आजींनी सांगितले. मग दोघींनी बाटली ताटात उपडी केली. राख झटकून मोजल्या. बिया नऊ निघाल्या.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेसाह आटोपल्यावर, आजींनी जुन्या सवयीने तीन बिया थेट वाफ्यात टोचल्या. दोन आठवडे वाट पाहिली. उकरून पाहिले तर तिन्ही कुजल्या होत्या.

“पहिल्या परीक्षेत भोपळा मिळाला,” आजी म्हणाल्या.

नातीचा चेहरा खुलला. “मिळाला? कुठे आहे?”

मराठी शाळेत शून्य मार्क मिळाले की भोपळा मिळाला म्हणतात, हे तिला समजावून सांगावे लागले. तिला ते काही पटले नाही. ज्या घरात एक भोपळा मिळवायला एवढी धडपड चालली आहे तिथे भोपळा मिळणे वाईट कसे, असे तिचे म्हणणे होते.

उरलेल्या सहा बियांना आजींनी जपून हाताळले. जुन्या बीचे कवच टणक होते, पाणी आत शिरत नाही. म्हणून नखे कापायच्या कात्रीने प्रत्येक बीची कड किंचित खरवडली. रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, मग ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या डोक्यावर ठेवल्या, कारण तिथे ऊब असते. नात रोज शाळेतून आली की फडके उघडून बघे. आठव्या दिवशी एका बीतून पांढरे टोक बाहेर आले. दहाव्या दिवशी आणखी एका. बाकीच्या चार तशाच राहिल्या.

दोन्ही कोंब दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावले. दोन पाने फुटली. त्यांतले एक रोप एका रात्रीत गोगलगाईने कुरतडले. सकाळी नुसता देठ उभा होता. आता रेवदंड्याहून आलेल्या त्या बियांपैकी एकच रोप जिवंत उरले होते. आजी त्या दिवशी गप्प होत्या. संध्याकाळी त्यांनी रोपाभोवती अंड्याची टरफले आणि राख पसरली आणि रात्री दोनदा उठून बॅटरी लावून पाहिले.

वाफ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात लाल भोपळा होता. त्याचे बी वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कोच्या बाईंनी दिले होते. आजींना शंका आली: दोन जातीचे वेल एकाच वाफ्यात चालतील का? या देशात दोन जाती मिसळून पेरायच्या नाहीत, त्याला किलाईम म्हणतात. त्यांनी सिनेगॉगमधल्या वृद्ध हझानना विचारले. जुनी माणसे सिनेगॉगला अजून मशीद म्हणतात, तशी आजीही म्हणत: “मशिदीत विचारून येते.”

हझानना प्रश्न आवडला. ते म्हणाले की मिश्नामध्ये किलाईम नावाचे एक सबंध प्रकरणच आहे, आणि त्यात अगदी असाच छोटा वाफा येतो. सहा मुठी लांब, सहा मुठी रुंद, म्हणजे साधारण अर्धा मीटर. त्यात पाच प्रकारचे बी पेरता येते, चार चार बाजूंना आणि एक मधोमध. वेल पसरतात म्हणून त्यांचे नियम आणखी बारीक आहेत. काकडी आणि भोपळा एकाच खड्ड्यात लावायची देखील मुभा आहे, मात्र एकाने एका बाजूला झुकायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या. “तुमचा वाफा त्याहून मोठा. समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा, आणि एकाला पूर्वेकडे वळवा, एकाला पश्चिमेकडे,” ते म्हणाले. त्याप्रमाणे केले. दुधी पूर्वेच्या जाळीवर चढला, लाल भोपळा पश्चिमेला जमिनीवर उतरला.

वेल सहा-सात पानांचा झाल्यावर आजींनी त्याचा शेंडा खुडला. नात ओरडलीच. पण दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नरफुले येतात. फळ धरणारी फुले बगलफुटीवर जास्त येतात. शेंडा खुडला की बगलफुटी निघतात. नरफूल लांब, बारीक देठावर उभे असते. मादीफुलाच्या मागे इवलासा दुधी आधीपासूनच असतो, बोटाच्या पेराएवढा, लव असलेला. परागकण त्या फुलापर्यंत पोचले तर तो वाढतो. नाही पोचले तर पिवळा पडून गळतो.

दोन वेलांचे वागणे अगदी वेगळे होते. लाल भोपळ्याची पिवळी फुले पहाटे उमलत आणि ऊन चढले की मिटत. मधमाश्या सकाळीच येऊन काम करून जात. दुधीची फुले पांढरी. ती संध्याकाळी उमलतात, रात्रभर उघडी राहतात, आणि त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. रेवदंड्याला पतंगांना तोटा नव्हता. डिमोनाच्या शिकूनमध्ये दिव्याभोवती एखादा दिसला तर दिसला. म्हणून आजोबा हे काम हाताने करीत: नरफूल खुडून, पाकळ्या मागे सारून, मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा.

पहिले मादीफूल जुलैतल्या एका शुक्रवारी आले. दुपारभर कळी घट्ट होती. आजी आणि नात चारदा जाऊन बघून आल्या. दिवे लावायची वेळ झाली तरी ती उघडली नाही. आजींनी शब्बाथचे दिवे लावले, डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हटली, आणि त्यानंतर पाऊण तासाने अंधार पडता पडता नातीने खिडकीतून पाहिले: पांढरे फूल उमलले होते. शेजारी दोन नरफुले तयार होती.

“आजी, एक मिनिट लागेल फक्त.”

“शब्बाथ लागला, बाळा. फूल खुडायचं नाही.”

“पण मग तो मरेल.”

“मरेल कदाचित. पतंग आला तर जगेलही.”

“आजोबा असते तर?”

“आजोबा असते तर तुझ्यासारखेच खिडकीत उभे राहिले असते.”

त्या रात्री पतंग आला नाही. मंगळवारपर्यंत तो इवलासा दुधी पिवळा पडला आणि गळला. आजींनी तो उचलून वाफ्यातच पुरला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नात म्हणते की त्या आठवड्यात आजी वेलाला पाणी घालताना त्याच्याशी मराठीत बोलत होत्या.

बारा दिवसांनी, एका बुधवारी, दुसरे मादीफूल उमलले. या वेळी नातीनेच फूल खुडले. हात थरथरत होता म्हणून तिने दोन्ही हातांनी धरले. आजी काठावर बसून बॅटरी दाखवत होत्या. तीन दिवसांनी देठ हिरवा होता आणि फळ बोटाएवढे झाले होते. आठवड्याने ते वीतभर झाले.

तेवढेच. ऑगस्टच्या उन्हात पानांवर पांढरी भुरी चढली, नंतरची फुले करपून गळाली. जाळीवर एकच दुधी लोंबत राहिला. पलीकडे लाल भोपळ्याने मात्र दोन गरगरीत फळे दिली, जणू त्याला वाळवंट कधी कळलेच नव्हते.

आता खरा प्रश्न आला. रोश हशाना त्या वर्षी २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होत होता. बेने इस्राएल लोक कोकणात या सणाला नव्याचा सण म्हणत. रात्रीच्या जेवणात शुभचिन्हे म्हणून काही फळे-भाज्या मांडतात: खजूर, चवळी, बीट आणि ‘कारा’, म्हणजे भोपळा. हिब्रूत ‘कारा’ या आवाजाशी जुळणारे दोन शब्द आहेत, एक फाडण्याचा आणि एक वाचून दाखवण्याचा. म्हणून भोपळा समोर ठेवून मागणे मागतात की आमच्याविरुद्धचा निवाडा फाडला जावो आणि आमचे पुण्य वाचून दाखवले जावो.

नात शाळेतून एक माहिती घेऊन आली होती. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला, त्यानंतर तो भोपळा जगभर पसरला. तलमूद त्याच्या कितीतरी शतके आधीचा. मग तलमूदातला ‘कारा’ कोणता? जुन्या जगात तेव्हा जो भोपळा होता तो, म्हणजे दुधीच्या जातीचा. “म्हणजे आपलाच!” ती म्हणाली. “सगळे चुकीचा भोपळा खातात. आपल्याकडे खरा आहे. आपण तो खायचा.”

आजींच्या मनातही हलवा होताच. बेने इस्राएल घरांत मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून सणाचे गोड नारळाच्या दुधात करतात. दुधी किसून, साखर आणि नारळाचे दूध घालून आटवलेला हलवा आजोबांना फार आवडे. पण दुधी कोवळा असतानाच खायचा असतो, आणि कोवळ्या दुधीत रुजणारे बी नसते. बी हवे असेल तर फळ वेलावरच पिकून, टणक होऊन वाळले पाहिजे. एक फळ दोन्हीकडे पुरत नाही. बाटली रिकामी होती.

ऑगस्टभर आजी विचार करीत राहिल्या. मुलगा म्हणाला, बाजारात दुधीचे बी विकत मिळते. ते खरे होते, आणि आजींना ते ठाऊक होते. “मिळतं रे,” त्या म्हणाल्या, “पण ते माझ्या आईने दिलेलं नाही.” तरीही नातीला त्या ठामपणे नाही म्हणू शकल्या नाहीत. पोरीने स्वतःच्या हाताने धरलेले ते फळ होते.

शेवटी पुन्हा हझानच उपयोगी पडले. ते म्हणाले की ही शुभचिन्हे तलमूदात दोन ठिकाणी आली आहेत. एका ठिकाणी सांगितले आहे की नव्या वर्षाला ती खावीत. दुसऱ्या ठिकाणी मात्र पाठ असा आहे की ती पाहावीत. “ज्याला खाता येत नाही त्याने पाहावे,” ते म्हणाले आणि हसले.

त्या संध्याकाळी जेवणापूर्वी मागचे दार उघडे ठेवले होते. मुलगा, सून, नात, तिचे दोन भाऊ आणि वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कोच्या बाई, सगळे दाराशी उभे राहिले. वेलाची पाने वाळून गेली होती. जाळीवर फिकट पिवळट झालेला, टणक सालीचा दुधी एकटा लोंबत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि ‘कारा’चे मागणे म्हटले. मग आत जाऊन लाल भोपळा खाल्ला. अर्ध्याची भाजी आजींनी केली होती, आणि अर्धा बाईंनी दालचिनी-साखरेत शिजवून आणला होता. हलवा चिकाचा केला.

सुक्कोथनंतर आजींनी देठ ठेवून फळ कापले आणि माळ्यावर टांगले. हनुक्काच्या दुसऱ्या दिवशी नातीने ते कानाशी धरून हलवले तेव्हा आत खुळखुळ वाजले. मुलाने करवतीने कापले. आतला गर वाळून कापसासारखा झाला होता. बिया ताटात काढून मोजल्या, त्या २१२ भरल्या. आजींनी राख आणली. नातीने नवी चिठ्ठी लिहिली. ‘दुधी’ हा शब्द तिने ‘दूधी’ असा लिहिला. मुलगा दुरुस्त करायला गेला, तर आजी म्हणाल्या, “राहू दे. वाचता येतंय ना?”

नात आता विशीत आहे. ५७८२ हे शमितेचे वर्ष आले तेव्हा वाफा रिकामा राहिला, पण कोणाला घोर लागला नाही, कारण बाटल्या भरलेल्या होत्या आणि त्या एका घरात नव्हत्या. आजींनी बिया वाटायला सुरुवात केली होती. आता लोद, अश्दोद, बीर शेवा इथल्या काही घरांत हा दुधी आहे. मागणाऱ्याला त्या पाच बिया देतात आणि सोबत हे सांगतात: पेसाहनंतर पेरा. कड खरवडून रात्रभर भिजवा. शेंडा खुडायला घाबरू नका. फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा घरी असा. शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागला तर तो दुधी टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो. आणि एक फळ खाऊ नका, ते वेलावर राहू द्या.

पुड्यांवरच्या चिठ्ठ्या नात लिहिते. ‘दूधी’ असेच लिहिते. बरोबर कसे लिहायचे हे तिला आता चांगले ठाऊक आहे.